खासगी बोडी आणि तिच्या मातीच्या पाळीची देखभाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोडी म्हणजे नेमके काय, आणि ती मामा तलावापेक्षा वेगळी कशी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीच्या उताराला आडवी मातीची पाळ घालून जे लहान जलाशय बांधले, त्यांना बोडी म्हणतात. तिची पाळ बहुधा तीन बाजूंनी असते. चौथी, म्हणजे चढाची बाजू उघडी असते आणि तिकडूनच पाणी येते. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आकाराने मोठे असून त्यांवर साऱ्या गावाचे ओलीत, जनावरांचे पाणी आणि ढिवरांची मासेमारी चालत असे. जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी (सारा वसुलीची जमीनदारी पद्धत) १९५० च्या कायद्याने संपली, १९५१ साली तलाव शासनाकडे गेले आणि बोड्या मात्र ज्याच्या शेतात त्याच्याच राहिल्या. तलाव फुटला तर जिल्हा परिषदेकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे अर्ज करता येतो, परंतु बोडीच्या बाबतीत मालक, अभियंता आणि चौकीदार ही तिन्ही माणसे एकच असतात, आणि या पानावरील बहुतेक प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

या भागाला मातीकामाची परंपरा नवी नाही. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात, आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर कोलासूर देव म्हणून त्यांचे ठाणे आहे. बोडी हे त्याच विद्येचे घरगुती रूप आहे.

एवढ्याशा पाळीला धरण म्हणायचे का? धरण सुरक्षा कायदा तिला लागू होतो का?

धरण म्हणायला हरकत नाही, कारण पाण्याचा दाब पाळीची उंची पाहतो, तिचे नाव पाहत नाही. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा मात्र १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. बोडीची पाळ सहसा दोन ते चार मीटरची असल्यामुळे ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. याचा अर्थ असा की तिची तपासणी करायला कोणीही अधिकारी येणार नाही. ही सूट आहे असे काहींना वाटते, पण प्रत्यक्षात सगळा भार त्यामुळे मालकावरच येतो.

बोडी स्वतःच्या शेतातील वाहते पाणी अडवते की नाला अडवते, हेही एकदा नीट पाहून घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदी-नाले शासनाच्या मालकीचे आहेत. त्यामुळे नाल्यावर पाळ घालायची किंवा असलेली वाढवायची असेल, तर ती जमीन आपल्या सातबाऱ्याच्या आत आहे असे समजून चालत नाही. परवानगी घ्यावी लागते.

पाळ नेमकी कशाने फुटते?

मातीची पाळ प्रामुख्याने दोन प्रकारांनी जाते : पाणी माथ्यावरून वाहिल्याने, किंवा पाणी पोटातून वाट काढून मातीचे कण सोबत घेऊन गेल्याने. तिसरा प्रकार उतार घसरण्याचा आहे. तो लहान पाळीत कमी आढळतो, परंतु पाणी एकदम उतरवले की तोही घडतो.

माथ्यावरून पाणी गेले की दगडी भिंत तग धरू शकते, माती धरू शकत नाही. सुरुवातीला माथ्यावरच्या एखाद्या खोलगट जागेतून, बहुधा बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची चाकोरी पडलेली असते तिथून, बोटभर पाणी वाहू लागते. ते मागच्या, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या, उतारावर घळ पाडते, घळ माथ्याकडे सरकत येते आणि पुढचे सगळे काही मिनिटांत संपते. म्हणून माथा सर्वत्र एका पातळीत असणे हे पाळीच्या उंचीइतकेच महत्त्वाचे आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो, तशी दर उन्हाळ्यात पाळीच्या लांबीभर काढावी. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या पाळीत वीतभर फरक निघतो, आणि फुटायची ती तिथेच फुटते.

सलंग (सांडवा) केवढा असावा?

या एका प्रश्नाकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे दुसऱ्या कशाकडेही होत नाही, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

समजा, बोडीत ८ हेक्टर, म्हणजे सुमारे २० एकर जमिनीवरचे पाणी येते. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या धानपट्ट्यात, जोरदार सरीत काही काळ ताशी ९० मिलिमीटर दराने पाऊस पडू शकतो असे धरू, आणि त्यातले ४० टक्के पाणी वाहून येते असे मानू. अभियंत्यांच्या नेहमीच्या सूत्रात ०.४ × ९० × ८ भागिले ३६० असे मांडले की सेकंदाला ०.८ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला ८०० लिटर एवढा लोंढा येतो. रुंद, सपाट सलंगावरून ३० सेंटिमीटर उंचीचे पाणी जात असेल, तर दर मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे २८० लिटर बाहेर पडतात. म्हणजे या बोडीला जवळपास ३ मीटर रुंद सलंग हवा, आणि त्यावरून ३० सेंटिमीटर पाणी वाहत असतानाही पाळीचा माथा किमान ६० सेंटिमीटर वर राहायला हवा. थोडक्यात, सलंगाच्या तळापासून माथ्यापर्यंत तीन फूट अंतर लागते. आता आपल्या बोडीचा सलंग टेपने मोजून पाहावा. पुष्कळ ठिकाणी तो एका ढांगेत ओलांडता येईल एवढा चिंचोळा झालेला आढळतो, कारण दोन्ही बाजूंनी बांध्या (धानाची खाचरे) सरकत सरकत त्यात आलेल्या असतात.

शेजाऱ्याने वरच्या अंगाला झुडपी जमीन मोकळी केली, रस्ता झाला, किंवा दुसऱ्या बोडीचे पाणी आपल्याकडे वळले, तर हे गणित नव्याने करावे लागते. आजोबांच्या काळी पुरलेला सलंग आजही पुरेल, हे गृहीत धरू नये.

सलंग शक्यतो पाळीच्या टोकाला, न खणलेल्या मूळ जमिनीत असावा. भरावावर कधीही काढू नये. त्याच्या खालच्या बाजूला दगडांची फरशी नसेल, तर पाणी उगमाकडे खणत येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सलंगच बोडी रिकामी करतो.

पाणी जास्त थांबावे म्हणून सलंगावर मातीची पोती ठेवली, किंवा मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली, तर चालेल का?

चालत नाही. हस्ताचा पाऊस जाता जाता धान पोटरीवर असते आणि वीतभर जादा पाण्याची किंमत काय असते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. परंतु सलंगावर एक फुटाची पोती रचली की वर काढलेल्या तीन फुटांतला एक फूट आपण आपल्या हाताने संपवलेला असतो. रोहू-कतल्याचे बीज सोडलेल्या बोडीत बारीक छिद्रांची जाळी सरळ सलंगाच्या तोंडावर ताणतात. पहिल्याच लोंढ्यात पळसाची पाने, तणस आणि बेशरमाच्या (पाणथळीत माजणाऱ्या झुडपाच्या) फांद्या तिला चिकटतात आणि जाळीची भिंत होते. जाळी लावायचीच असेल, तर ती सलंगाच्या बरीच आत, अर्धगोलाकार आणि सलंगाच्या रुंदीच्या तीन-चारपट लांब लावावी, आणि पाऊस चालू असताना ती साफ करायला माणूस नेमावा. माणूस नेमणे जमत नसेल, तर थोडे मासे गेलेले परवडतात.

पाळीच्या मागच्या पायथ्याशी ओल दिसते. घाबरावे का?

ओलीला घाबरू नये, पण ती रोज पाहावी. मातीची प्रत्येक पाळ थोडीफार झिरपते आणि पायथ्याशी हिरवळ राहणे स्वाभाविक आहे. पाहायचे ते इतकेच : पाणी नितळ आहे की गढूळ, एका जागेतून येते की पसरून, आणि कालच्यापेक्षा वाढले आहे का. स्वच्छ काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल, तर पाळ आतून वाहून जात आहे असे समजावे. गळतीच्या तोंडाशी मुंग्यांच्या वारुळासारखे बारीक रेतीचे कडे तयार झाले असेल, तर तोही त्याच आजाराचा पुढचा टप्पा आहे.

अशा जागी हमखास केली जाणारी चूक म्हणजे मागच्या बाजूने चिखल, प्लास्टिक किंवा सिमेंट ठोकून भोक बुजवणे. पाणी कोंडले की ते दुसरीकडून, आणि अधिक दाबाने फुटते. मागच्या बाजूला पाणी निघू द्यायचे असते, फक्त माती निघू द्यायची नसते. त्यासाठी गळतीवर आधी जाडसर स्वच्छ रेती, तिच्यावर गिट्टी आणि त्यावर दगड असा गाळणीचा थर द्यावा. बुजवायचे असेल ते पुढच्या, पाण्याच्या बाजूने, उन्हाळ्यात बोडी कोरडी असताना खणून आणि चिकण माती थरांनी ठोकून बुजवावे.

तुडुमाजवळच माती का खचते?

तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची दगडी रचना, किंवा हल्ली तिच्या जागी टाकलेला सिमेंटचा अथवा प्लास्टिकचा पाइप, हा पाळीतला परका पदार्थ असतो. दगड आणि माती सारख्या खचत नाहीत, आणि गोल पाइपाच्या पोटाखाली धुम्मस पोहोचत नाही. त्यामुळे तिथे पोकळी राहते व पाणी पाइपाच्या बाहेरून, त्याच्या अंगाला लागून चालू लागते. मोठ्या धरणांतही दुखरी जागा हीच असते. पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच त्यातून पाणी वाहू लागले होते आणि त्याच्या वरचा भराव खचत गेला होता.

नवा पाइप टाकताना तो मूळ घट्ट जमिनीत चर खणून टाकावा, त्याच्या दोन्ही अंगांना ओलसर चिकण माती हाताने ठोकावी आणि मागच्या एक-तृतीयांश लांबीभोवती रेतीचे वेष्टण द्यावे. सांधे गळके असतील, तर बाकी सगळे व्यर्थ आहे. दरवर्षी तुडुमाच्या बरोबर वर पाळीच्या माथ्यावर उभे राहून खळगा पडला आहे का ते पाहावे. बशीएवढा खळगासुद्धा खाली काहीतरी वाहून गेल्याची खूण असते.

पाळीवरची झाडे ठेवावीत की तोडावीत?

नवी झाडे येऊ देऊ नयेत. मनगटापेक्षा बारीक असलेली बाभूळ, पळस आणि विशेषतः बेशरम मुळासकट उपटावे. जुन्या आंब्यांचा आणि मोहांचा प्रश्न अवघड आहे. पाळीवरचे झाड वादळात उन्मळले, तर मुळांबरोबर पाळीचा मोठा लचका निघतो, हे खरे. परंतु ते नुसते कापून खोड जमिनीत सोडले, तर काही वर्षांत मुळे कुजतात आणि पाळीतून आरपार तयार नळ्या पडतात, जे उभ्या झाडापेक्षा वाईट आहे. माझे मत असे की जुने, निरोगी, मागच्या उताराच्या खालच्या भागातले झाड ठेवावे आणि तिथे पाळीची जाडी वाढवावी. माथ्यावरचे किंवा पाण्याच्या बाजूचे झाड काढायचेच असेल, तर बोडी कोरडी असताना खोड व जाड मुळे खणून काढावीत आणि खड्डा थरांनी भरावा. उतारावर हरळी किंवा वाळा असावा. गवत गुडघ्याच्या खाली राहिले पाहिजे, नाहीतर भेगा आणि बिळे दिसतच नाहीत.

खेकडे आणि घुशी खरोखर पाळ फोडतात का?

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतली माणसे वाहून गेली. त्यानंतर एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला, आणि तेव्हापासून हा प्रश्न थट्टेचा झाला आहे. तेथील गावकरी गळतीच्या तक्रारी आधीच करत होते, हे त्या थट्टेत मागे पडू नये. तरीही लहान पाळीच्या बाबतीत बिळांकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. ज्या पाळीचा माथा जेमतेम चार फूट रुंद आहे, तिच्यात खेकड्याने पुढून आणि घुशीने मागून केलेली बिळे जवळ यायला फार काही लागत नाही. बीळ वरवर मातीने झाकू नये. शेवटापर्यंत खणून उघडे करावे आणि ओली चिकण माती ठासत भरावे. पाण्याच्या बाजूला दगडी अस्तर असेल, तर खेकड्यांना जागा कमी मिळते आणि लाटांनी होणारी झीजही थांबते.

दुरुस्तीसाठी कोणती माती वापरावी? जेसीबीने माती टाकली की काम झाले का?

कन्हार, म्हणजे भारी काळी चिकण माती, पाणी चांगले अडवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोरांड, म्हणजे मध्यम पोताची माती, त्यामानाने सोयीची आहे. सिहार, म्हणजे रेताड माती, एकटी वापरली तर झिरपते. म्हणून चिकण माती पाळीच्या पोटात आणि मुरमाड माती बाहेरून, ही जुनी पद्धत अजूनही योग्य आहे. पाण्याकडचा उतार दोनास एक (दोन फूट आडव्या अंतरात एक फूट उंची) ते अडीचास एक, आणि मागचा दोनास एक ठेवावा.

जेसीबीने ओतलेली माती म्हणजे पाळ नव्हे, तो ढीग असतो. जुन्या उतारावर आधी पायऱ्या खणाव्यात, म्हणजे नवी माती जुनीला धरते. नाहीतर ती पहिल्या पावसात गोधडीसारखी घसरून खाली येते. मग १५ ते २० सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग रोलर किंवा धुम्मस, आणि नंतर पुढचा थर. ओल पुरेशी आहे की नाही हे पाहायला मूठभर मातीचा लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. भुगा झाला तर माती कोरडी, भाकरीसारखी पसरली तर जास्त ओली, आणि तीन-चार तुकडे झाले तर कामाला लागावे. इतके करूनही भराव खचतो, म्हणून तीन मीटरच्या पाळीला ३० सेंटिमीटर उंची जादा द्यावी.

गाळ किती काढावा?

धानाच्या बांध्यांना गाळाची माती सोन्यासारखी आहे आणि राज्य शासनाच्या २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तिचे महत्त्व पुन्हा पटले आहे. फक्त दोन पथ्ये पाळावीत. पाळीच्या आतल्या पायथ्यापासून किमान तिच्या उंचीच्या तीनपट अंतर सोडून खणावे, कारण पायथ्याशी खड्डा म्हणजे उताराचा आधार काढून घेणे होय. दुसरे, खणता खणता मुरूम किंवा रेती लागली की थांबावे. तळाचा गाळ हेच बोडीचे अस्तर असते. ते फाडले तर खोली वाढते, पण दिवाळीपर्यंत बोडी आटते.

बोडीचे पाणी किती धानाला पुरते?

एक एकर पाणपसारा आणि सरासरी पाच फूट खोली असेल, तर सुमारे ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी साठते. झिरपा आणि बाष्पीभवनात निम्मे गेले असे धरले, तरी एका ओलिताला सात सेंटिमीटर पाणी या हिशेबाने एका हेक्टरला चार ओलिते होतात. अडचणीच्या वर्षात एवढ्याने पीक हाती लागते.

पाहणी कधी आणि कशी करावी?

पाळ पावसाळ्यात फुटते, पण बिघडते उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत पातळी, भेगा, बिळे, तुडुम आणि सलंग पाहून दुरुस्ती मृगापूर्वी संपवावी. जूनमध्ये टाकलेली सैल माती पाळीला मदत करत नाही. पावसाळ्यात बोडी पहिल्यांदा भरेल त्या दिवशी, आणि पुढे प्रत्येक मोठ्या पावसानंतर, मागच्या पायथ्याने अनवाणी चालत जावे. गवतात लपलेला झरा डोळ्यांआधी पायाला कळतो. ओलीच्या जागी खुंटी ठोकून ठेवली, तर पुढच्या वेळी ओल वाढली की नाही हे आठवणीवर सोडावे लागत नाही.

रात्री पाऊस कोसळतो आहे आणि पाणी माथ्याला लागते आहे. काय करावे?

आधी खालच्या बाजूच्या घरांना आणि शेतातील खोपड्यांत झोपलेल्यांना उठवावे, पोलीस पाटलांना कळवावे, आणि मग पाळीकडे जावे. हा क्रम उलटा करू नये. सलंगातला कचरा काढावा, तुडुम पूर्ण उघडावे, माथ्यावरच्या खोलगट जागी पोती रचावीत. पाणी तरीही चढतच असेल, तर सलंगाच्या पलीकडे मूळ जमिनीतून चर काढून पाणी वळवावे. भरावात चर खणणे म्हणजे पाळ स्वतः फोडणे होय. माथ्यावरून पाणी वाहू लागले की पाळीवरून उतरावे.

धोका टळल्यावर बोडी घाईने रिकामी करू नये. पाणी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवले, तर भिजलेला आतला उतार आधार गेल्यामुळे घसरतो.

पाळ फुटून दुसऱ्याचे पीक गेले तर जबाबदार कोण?

गंमत अशी की या विषयावरचा जगप्रसिद्ध निवाडा एका खासगी जलाशयाचाच आहे. लँकेशरमधील एका गिरणीमालकाचा तलाव १८६० साली फुटून शेजारच्या खाणीत पाणी शिरले, आणि धोक्याची वस्तू स्वतःच्या जमिनीवर जमवणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, असे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ साली कायम झाले. परंतु मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७४ साली वेगळा विचार केला : या देशात तलाव राखणे हे परंपरेने आलेले कर्तव्य असल्यामुळे केवळ तलाव फुटला म्हणून जमीनदार दोषी ठरत नाही, हयगय सिद्ध झाली पाहिजे. बोडीमालकाने यातून घ्यायचे ते हयगयीबद्दल. सलंगावर पोती होती की नव्हती, गळतीची सूचना मिळाल्यावर काय केले, हे प्रश्न विचारले जातील. पाहणीची तारीखवार वही आणि दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

भावाभावांत वाटणी झाली; बोडी कोणाची?

बहुतेक वाटण्यांत बांध्या मोजून वाटतात आणि बोडी सामाईक ठेवतात. तिथूनच तिची पडझड सुरू होते, कारण पाण्याला वाटेकरी चार आणि फावड्याला एकही नाही. वाटणीपत्रातच लिहून घ्यावे : ओलिताची पाळी कोणत्या क्रमाने, सलंगाची पातळी बदलायची असल्यास कोणाच्या संमतीने, आणि वार्षिक खर्च जमिनीच्या प्रमाणात की समान. सातबाऱ्यावर बोडीची नोंद आहे का तेही तपासावे. शेजारी वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाखंड आपल्या बोडीचे पाणी घेत असेल, तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली तो हक्क सांगू शकतो. तसे असल्यास त्यालाही खर्चाच्या बोलण्यात आधीच बसवावे, आणि हे बोलणे बोडी कोरडी असताना उरकावे.